तेल कुठे जातं

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती ‘उष्णता घालवायची कुठे’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे, असं थर्मासचं गेल्या एकोणीस वर्षांचं ठाम मत होतं. त्याच्या बायकोचं मत असं की, हा प्रश्न मानवजातीचा नसून स्वयंपाकघरातल्या बंद पडलेल्या पंख्याचा आहे, आणि तो पंखा थर्मास दोन वर्षांपासून ‘रविवारी बघतो’ म्हणतोय.

थर्मास हे त्याचं कारखान्यातलं नाव. एक तर तो चहाचा स्टीलचा थर्मास बगलेत मारल्याशिवाय कुठेही जात नसे; आणि दुसरं म्हणजे, कोणी कितीही पेटवलं तरी तो बाहेरून गारच लागे. त्याचं काम विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटरी तपासायचं. लोखंडी बेंचवर मोटर बसवायची, समोर तिला अडवून धरणारं यंत्र जोडायचं, आणि ती जीव तोडून फिरत असताना किती तापते ते बघायचं. माणूस तापला की त्याला घाम फुटतो आणि निदान सोय होते. मोटरीला ती सोय नाही. तिला बाहेरून कोणीतरी गार करावं लागतं.

इतकी वर्षं ते काम पाणी करत होतं. मोटरीच्या अंगाभोवती पोकळ डगला असतो, त्यातून पाणी फिरतं. पण पाण्याला आत जाता येत नाही, कारण आत वीज असते आणि त्या दोघांचं पटत नाही. नव्या मोटरीत पाण्याच्या जागी तेल होतं. तेल थेट घरात घुसतं. तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांवर शिंपडलं जातं, त्यांची उष्णता उचलतं, खाली तळाशी साचतं. तिथून एक नळी ते ओढून घेते, पंप ते बाहेरच्या जाळीतून गार करून आणतो आणि पुन्हा तारांच्या डोक्यावर घालतो. थर्मासला ही कल्पना इतकी आवडली होती, की तो घरी जेवतानाही त्याबद्दल बोलला. त्यानंतर घरचे टीव्हीचा आवाज वाढवून जेवू लागले.

ही नवी मोटर थर्मासच्या बेंचवर पूर्ण ताकदीने चाळीस मिनिटं चालली आणि तिच्या तारांचं तापमान एकशे बारा अंशांवर जे स्थिरावलं ते हललं नाही. थर्मासने अहवालावर सही केली. मग हुबेहूब तशीच दुसरी मोटर माल वाहणाऱ्या छोट्या व्हॅनमध्ये मागच्या चाकांमध्ये आडवी बसवली, व्हॅनमध्ये वाळूची पोती भरली आणि चढावर नेली. अर्ध्या चढात तापमान एकशे अठ्ठावन्न झालं. मोटरीने जिवाच्या भीतीने ताकद कमी केली आणि व्हॅन पायी चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने वर गेली. तशीच तिसरी बाहेरच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथे भरलं एकशे एकोणपन्नास.

सोमवारी साहेबांनी थर्मासला बोलावलं. साहेब मूळचे विक्रीखात्यातले. मोटरीबद्दल त्यांना इतकंच माहीत होतं की ती फिरते.

“बसा. तीन ठिकाणी मोजलं. दोन ठिकाणी तापली, एकट्या तुमच्याकडे गार. आता सांगा, मी कोणाचं ऐकू?”

“तापमान मतदानाने ठरत नाही, साहेब.”

“बरोबर आहे. ते बैठकीत ठरतं. शुक्रवारी बैठक आहे.” साहेबांनी समोरचा कागद सरळ केला. “बेंच चुकीचं सांगत असेल तर आपण ते बंद करू. यापुढच्या तपासण्या बाहेर. तुमचीही काळजी करू नका. गोदामात एका शांत, व्यवस्थित माणसाची गरज आहेच.”

“बेंच चुकीचं सांगत नाही.”

“मग बरोबर का सांगतंय, ते शुक्रवारी सांगा.”

गोदामात काय असतं ते थर्मासला माहीत होतं. तिथे खोकी असतात आणि ती तापत नाहीत.

तो थेट आपल्या खोलीत आला. खोली लांबट होती. मधोमध बेंच, एका भिंतीला खिडकी आणि खिडकीखाली जुन्या अहवालांचं लोखंडी कपाट. या कपाटाबद्दल थर्मासच्या मनात एक जुनी अढी होती. खोलीत हातातून काहीही निसटलं, स्क्रू म्हणा, पेनाचं टोपण म्हणा, की ते कपाटाखाली जायचं. कपाटांचा तो स्वभावच असतो, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

दोन दिवस त्याने बेंचची उलटतपासणी घेतली. तारांमध्ये खोचलेले सगळे सेन्सर काढून एकदा बर्फात आणि एकदा उकळत्या पाण्यात बुडवले. सगळे खरं बोलत होते. पंप उघडून बघितला, गाळणी धुतली. मोटर आणि समोरचं यंत्र एका रेषेत आहेत की नाही ते लेझर लावून पाहिलं. केसाचा फरक नव्हता. बेंच निर्दोष होतं, आणि तीच पंचाईत होती.

बुधवारी सकाळी तो डिझाइनवालीकडे गेला. ती त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होती, त्याला दादा म्हणायची, आणि तिच्या कॉम्प्युटरवर मोटरीचं रंगीत चित्र होतं: गार भाग निळा, गरम भाग लाल.

“माझ्याकडेही एकशे चौदाच येतं, दादा. मी तुमच्याच बाजूची आहे.”

“तुझ्या या चित्रात तेल शिंपडल्यावर कुठे जातं?”

“तळाशी.”

“तळाशी म्हणजे कुठे?”

तिने त्याच्याकडे जरा काळजीने बघितलं. “तळ म्हणजे तळ. खाली.”

“मोटर तीस सेंटिमीटर लांब आहे. तळही तेवढाच लांब आहे. नळीचं तोंड एकाच टोकाला आहे. तेलाला कोण सांगतं, इकडे ये म्हणून?”

“तेवढं मी गृहीत धरलंय,” ती म्हणाली. मग थोडा वेळ चित्राकडे बघत बसली. “सगळेच धरतात.”

“तेल थोडं जास्तच घातलं तर?”

“मधला फिरणारा भाग त्यात बुडतो आणि रवीसारखं ते घुसळत बसतो. आणखी तापतं. ते मी करून बघितलंय.”

दुपारी थर्मास व्हॅनच्या ड्रायव्हरला भेटला. ड्रायव्हर जाडजूड, पन्नाशीचा, आणि कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं मत सासरच्या माणसांबद्दल असावं तसं सावध होतं.

“चढावर नेमकं काय होतं?” थर्मासने विचारलं.

“सांगितलं तर हसाल.”

“मी हसत नाही. कोणालाही विचार.”

“हे मात्र खरं,” ड्रायव्हर म्हणाला. “ऐका तर मग. आपल्या बाजूने चढवली की तापते. चुकीच्या बाजूने चढवली की तापत नाही. मागे रस्ता अर्धा खणला होता तेव्हा चार दिवस पलीकडच्या बाजूने जावं लागलं. चारही दिवस गार. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, सुट्टी घ्या.”

थर्मास हसला नाही. बंद पडलेल्या खाणीकडे जाणारा चढाचा रस्ता होता, तिथे दुपारी कुत्रंही फिरकत नसे. आकाश ढगाळ होतं, म्हणजे ऊनसावलीचा प्रश्न मिटला. ते दोघं पोती भरलेली व्हॅन घेऊन निघाले. थर्मासच्या मांडीवर तापमान दाखवणारं यंत्र, आणि त्याच्या नि ड्रायव्हरच्या मधल्या सीटवर चहाचा थर्मास आडवा.

पहिल्या फेरीत ते कायद्याने ठरवून दिलेल्या बाजूने चढले. वाकड्या खांबापाशी एकशे छप्पन्न. व्हॅन रांगायला लागली. खाली आले, मोटर गार होऊ दिली, चहा घेतला. दुसऱ्या फेरीत ड्रायव्हरने इकडेतिकडे बघून व्हॅन पलीकडच्या कडेला घातली. वाकड्या खांबापाशी एकशे सतरा. माथ्यावर एकशे अठरा.

“हिला कायदा मोडायला आवडतं,” ड्रायव्हर म्हणाला. “माझ्या मेव्हण्यासारखी आहे. सरळ वागायला लागला की आजारी पडतो.”

“परत एकदा,” थर्मास म्हणाला.

“मग पोलीस आला तर बोलायचं तुम्ही.”

चार वेळा केलं. चारही वेळा तेच. चौथ्या फेरीत माथ्यावर पोचल्यावर थर्मासने चहासाठी हात खाली नेला, तर चहाचा थर्मास जागेवर नव्हता. तो ड्रायव्हरच्या कमरेला टेकून बसला होता.

“हा तुझ्याकडे कधी आला?”

“या बाजूने चढलो की येतोच की माझ्याकडे. त्या बाजूने असलो की तुमच्याकडे असतो. मला वाटलं, तुमचा आहे, त्याला कळत असेल.”

थर्मासने व्हॅन थांबवायला सांगितली, खाली उतरला आणि रस्त्यावर चक्क उकिडवा बसला. रस्ता मधोमध उंच होता आणि दोन्ही कडांना उतरता. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तो तसाच करतात. हे जगातल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं आणि कोणाच्या लक्षात नसतं. या कडेने गेलं की गाडी या बाजूला कलते, त्या कडेने गेलं की त्या बाजूला. मीटरला जेमतेम दोन सेंटिमीटर. पण मोटर आडवी बसवलेली होती, आणि तेलाला दोन सेंटिमीटर पुरतात. आपल्या बाजूने चढताना तेल एका टोकाला गोळा होत होतं आणि नळी दुसऱ्या टोकाला हवा ओढत बसली होती. सपाट रस्त्यावर मोटरीला कष्ट नसतात, हवा-तेल कसंही चालतं. चढावर मात्र पंपाला घोटन् घोट तेल लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते समोरच्या टोकाला गप्पा मारत बसलेलं असतं.

त्याला फार आनंद झाला. तो साधारण घरी पोचेपर्यंत टिकला.

घरी सासूबाई गॅलरीत वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्या गेली सहा वर्षं त्यांच्याकडे होत्या. घरात त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. कारण वाटाणे सोलताना कान मोकळे असतात.

“म्हणजे गाडीचं कोडं सुटलं,” त्या म्हणाल्या. “मग चेहरा का असा?”

“बेंचचं सुटलं नाही ना. बाहेरच्या प्रयोगशाळेत मोटर सपाट ठेवली होती. सपाट म्हणजे तेल दोन्हीकडे सारखं, नळीला अर्धं तेल, अर्धी हवा. म्हणून एकशे एकोणपन्नास. ते पटतं. पण माझ्या बेंचवरही सपाटच आहे. मग माझ्याकडे एकशे बारा कसं?”

“सपाट आहे म्हणजे? कुठे?”

“माझ्या खोलीत.”

“त्या फरशीवर?” सासूबाईंच्या हातातली शेंग अर्धवट राहिली. “जावईबापू, तुम्ही एकोणीस वर्षं तिथे नेमकं करता काय?”

कारखाना होण्याआधी ती इमारत म्हणजे इस्पितळाची लाँड्री होती, आणि सासूबाईंनी तिथे बावीस वर्षं चादरी धुतल्या होत्या. हे थर्मासला ठाऊक होतं. लग्नात त्यावरून चेष्टाही झाली होती. पण कोणी चादरी धुतल्या ती माहिती मोटरीच्या अहवालात कुठल्या रकान्यात भरायची, असा प्रश्न कधी आला नव्हता.

“त्या खोलीत कपड्यांची ट्रॉली कधी जागेवर थांबली नाही,” सासूबाई म्हणाल्या. “चाकाखाली वीट लावायचो. वीट विसरली की ट्रॉली पळायची.”

“कुठे पळायची?”

“मोरीकडे. पाणी जाईल तिकडेच जाणार की ती. त्यासाठीच तर उतार दिला होता.”

“मोरी कुठे होती?”

“खिडकीखाली.”

थर्मासने एक वाटाणा उचलला, गॅलरीच्या फरशीवर ठेवला आणि बघत राहिला. वाटाणा हलला नाही.

“आमच्या घराला काही झालेलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “तो टोपलीत टाका.”

गुरुवारी सकाळी त्याने बेअरिंगमधली पोलादी गोळी बेंचजवळ जमिनीवर ठेवली. गोळीने क्षणभर विचार केला, मग घाई न करता निघाली आणि कपाटाखाली गेली. थर्मासने ड्रायव्हरला हाक मारली. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. खाली सिमेंटने बुजवलेल्या मोरीच्या खळग्यात एकोणीस वर्षांचा संसार होता: सव्वीस गोळ्या, मूठभर स्क्रू, अकरा पेनांची टोपणं, एक शर्टाचं बटण, आणि ज्यावरून त्याने एका माणसाशी कायमचं बोलणं सोडलं होतं तो लहान पाना.

मग त्याने शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाणसळ मागून आणली. एकोणीस वर्षांत बेंचवर लेझर लागला होता, पाणसळ नव्हती. काचेतला बुडबुडा मधोमध थांबायला तयार होईना. मीटरला दोन सेंटिमीटर, थेट खिडकीकडे. मोटर आणि समोरचं यंत्र एकमेकांशी अगदी सरळ होती. फक्त दोघंही मिळून जगाशी तिरकी होती. आणि नळीचं तोंड खिडकीकडच्या टोकाला होतं. चुकीच्या बाजूने चाललेली व्हॅनच जणू तो खोलीत घेऊन बसला होता. आधीच्या सगळ्या मोटरी पाण्याच्या. डगला पाण्याने गच्च भरलेला असतो, तो तिरका असो की उलटा, पाण्याला फरक पडत नाही. म्हणून हे कधी उघडकीला आलं नाही.

“आता?” ड्रायव्हरने विचारलं.

“आता सपाट करून बघायचं. व्हॅनचा जॅक आण.”

बेंचचे बोल्ट सोडले, खिडकीकडचे पाय जॅकने उचलले, खाली एक-एक सेंटिमीटर जाडीच्या तीन-तीन पट्ट्या सरकवल्या. बुडबुडा मधोमध आला. मोटर चालू केली. दहा मिनिटांत एकशे बारा ओलांडलं. एकशे वीस. एकशे चौतीस. स्वतःची चूक इतक्या नेमकेपणाने वर चढताना थर्मास चहाचा कप हातात धरून बघत होता आणि त्याला, खरं सांगायचं तर, मजा येत होती. एकशे एकोणपन्नासला आकडा थांबला.

“जमलं,” तो म्हणाला.

“काय जमलं?” ड्रायव्हर म्हणाला. “म्हणजे तुमचं बेंच चुकीचंच होतं की. उद्या तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगणार? ‘घ्या, पाठवा मला गोदामात’?”

हे थर्मासच्या लक्षात आलं होतं, पण बाजूला ठेवलं होतं. पट्ट्या काढून घेतल्या, कपाट जागेवर सरकवलं, तर कोणाला काही कळणार नव्हतं. गाडीचं कारण सापडलं होतं. बैठकीत तेवढंच सांगून बेंचबद्दल ‘तपास चालू आहे’ म्हणता आलं असतं. कारखान्यात असे बरेच तपास चालू होते, काही तर ते चालू करणारे लोक निवृत्त झाल्यानंतरही. पण मग तिरक्या फरशीवर पुढची तेलाची मोटर बसली असती, आणि ती कशी वागली ते त्याला कधीच खरं कळलं नसतं. गोदामापेक्षा हे वाईट.

शुक्रवारच्या बैठकीत त्याने कागद मांडले नाहीत. सगळ्यांना उठवून आपल्या खोलीत आणलं, साहेबांच्या हातात पोलादी गोळी दिली आणि म्हणाला, “खाली ठेवा.”

साहेबांनी ठेवली. गोळी त्यांच्या बुटाला वळसा घालून कपाटाखाली गेली.

थर्मासने सगळं सांगितलं. रस्त्याची कड, तेल, नळी, लाँड्री, मोरी. शेवटी म्हणाला, “माझं बेंच आकडा खरा सांगत होतं, साहेब. फक्त तिरक्या जागेवरचा सांगत होतं. एकोणीस वर्षांत मी पाणसळ लावली नाही. ती चूक माझी.”

डिझाइनवाली खाली वाकून कपाटाखाली बघत होती. साहेबांच्या कपाळावर आठी पडली, ती हळूहळू उलगडली, आणि तिथे विक्रीखात्यातला जुना उजेड आला.

“ही फरशी आपण घातलेली नाही?”

“नाही. आधीची आहे.”

“जागा भाड्याची आहे?”

“हो.”

“म्हणजे यात कारखान्यातल्या कोणाचीच चूक नाही,” साहेब समाधानाने म्हणाले. “चूक जागामालकाची आहे.”

“चूक माझी आहे, साहेब.”

“थर्मास, तुम्ही तापमान बघा. चूक कोणाची ते आम्ही बघतो.”

बेंच राहिलं. थर्मासही राहिला, आणि सोमवारी त्याला गोदामात पाठवायला निघालेले साहेब आता पाहुणे आले की त्याच्या खोलीत आणून गोळी सोडून दाखवू लागले. ‘रस्त्याच्या नैसर्गिक कलाचा उपयोग करून घेणारी तैलशीतन प्रणाली’ या नावाचा बेचाळीस पानांचा अहवाल निघाला. त्यात पान एकतीसवर एक सूचना आहे: वाहन सतत चुकीच्या बाजूने चालवल्यास मोटर तापेल. त्याखाली कोणीतरी पेनाने ‘योग्यच आहे’ असं लिहिलं आहे. आभाराच्या यादीत जागामालक आहेत. सासूबाई नाहीत.

नव्या व्यवस्थेची व्हॅन त्याच चढावर, आपल्या बाजूने, पोती भरून गेली आणि वाकड्या खांबापाशी एकशे चौदा भरलं. ड्रायव्हर जरा खट्टू झाला. कायद्याने जाण्यात त्याला आता काही गंमत वाटेना.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, “मग शेवटी केलंत काय तुम्ही सगळ्यांनी मिळून?”

“नळीचं तोंड दुसऱ्या टोकाला नेलं.”

“आणि?”

थर्मासने आठवून बघितलं. आणि काही नव्हतं. वाढीव नळी सव्वीस सेंटिमीटर लांब आहे आणि तिला दोन क्लिपा लागतात.